तांदळात लिहिलेलं नाव

सोलापूर

सोलापुरात उतरून अर्धा तासही झाला नसेल, तेवढ्यात मला कळलं की जिच्यासाठी मी रत्नागिरीहून आले ती बाई वारलेली आहे.

रिक्षावाल्याने गल्लीच्या तोंडाशीच सोडलं होतं. "आगे खोदके रख्खे हैं मॅडम, रिक्षा नै जाती," म्हणाला आणि मी पिशव्या सावरेपर्यंत वळून गेलासुद्धा. फाल्गुन अजून सरला नव्हता, तरी उन्हाने डोळे उघडवत नव्हते. आमच्या कोकणातलं ऊन माणसाला घामाने भिजवतं, इथलं ऊन कुरडईसारखं वाळवतं. गल्लीत कुठूनतरी मागाचा खडखडाट येत होता. एका किराणा दुकानाच्या पायरीवर एक आजीबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना विचारलं, "कुमुदबाई घाडगे कुठे राहतात हो?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कुमुदबाई? आगं माय, त्यास्नी जाऊन लई वर्षं झाली की. तुमाला कुणी सांगितलं न्हाय व्हय?"

मी त्याच पायरीवर बसले. इतक्या लांबून येऊन असं ऐकायला मिळालं म्हणून रडू यायला हवं होतं, पण आधी राग आला. म्हणजे तो परदेशातला संपादक खरं लिहीत होता आणि मीच शहाणपणा करत इथवर आले होते.

हे सगळं प्रकरण नीट सांगायला हवं. मी कॉलेजात गणित शिकवते. माझा विषय टोपोलॉजी, पुस्तकी मराठीत संस्थिती. भूमितीची ही धाकटी बहीण. भूमिती मोजमाप करत बसते. ही म्हणते, वस्तू ताणा, वाकवा, पिळा, फक्त फाडू नका, आणि मग सांगा तिच्यातलं काय बदललं नाही. त्यातही गाठींचा एक मोठा अभ्यास आहे. एक गाठ दुसरीपेक्षा खरोखर वेगळी आहे की नुसती पिळून वेगळी दिसते, हे ओळखायचं. हे ओळखायची एक सुरेख रीत कुमुद साळुंखे नावाच्या मुलीने शोधली होती, तेव्हा ती पंचविशीचीही नसेल. दोन लेख लिहिले आणि ती गडप झाली. ते लेख जगभर वाचले गेले. आमच्या धंद्यात दुसऱ्याने तुमच्या कामाचा आधार घेतला की तो तुमचं नाव नोंदवतो, त्याला सायटेशन म्हणतात. आता तर या नोंदी यंत्रच मोजतं. त्यावर बढत्या मिळतात, माणूस मोठा की लहान ते ठरतं. कुमुद साळुंखे या नावापुढचा आकडा आमच्या अख्ख्या विभागाला मिळून जमणार नाही.

तिच्या त्या रीतीवर परदेशात एक खास ग्रंथ निघत होता. त्यात माझाही एक बारकासा लेख होता म्हणून छपाईआधीची प्रत मला आली. पहिल्याच पानावर होतं: कै. के. साळुंखे यांच्या स्मृतीस. इतकी वर्षं काही लिहिलं नाही, पत्राला उत्तर नाही, तेव्हा बाई गेली असणार असं ते धरून चालले होते.

मला मात्र शंका होती, ती एका अक्षरापायी. गाठीला सगळं जग 'के' हे अक्षर वापरतं, कारण इंग्रजीत गाठीचा शब्द त्या अक्षराने सुरू होतो. कुमुदने आपल्या लेखांत 'जी' वापरलं होतं. परदेशी लोकांना वाटायचं, काहीतरी गहन कारण असेल. मला पहिल्यांदा वाचतानाच हसू आलं होतं. जी म्हणजे गाठ, दुसरं काय! पुढे आमच्या लायब्ररीत जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात सोलापूरच्या कुणा अनुराधा घाडगेंचा लेख हाती लागला, खाली याच गल्लीचा पत्ता. कुमुदने एक प्रश्न उघडा ठेवला होता, त्याचं उत्तर त्या लेखात होतं. जग अजून तो प्रश्न सुटलेला नाही असं समजतंय. अनुराधा घाडगे या नावापुढचा आकडा शून्य. आणि त्या लेखातही गाठीला 'जी' म्हटलं होतं.

मी दोन नावं जोडून तिसरंच एक नाव तयार केलं आणि ते घेऊन सोलापुरात आले, तर ते नाव खरोखरच एका मेलेल्या बाईचं निघालं.

आजीबाईंना माझी दया आली असावी. त्यांनी ओंजळभर शेंगदाणे हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "सून हाय की त्यांची. अनुराधाबाई. कालिजात हुत्या. ते निळं दार."

निळं दार उघडलं ते एका उंच, सडपातळ बाईंनी. पांढरे केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीने गळ्यात. मी सरळच विचारलं, "कुमुद साळुंखे तुम्हीच ना?"

त्या दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. मागे वळून आत कुणी आहे का पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "या. आधी पाणी घ्या."

आत त्यांचे यजमान विश्वासराव होते. सूतगिरणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, गप्पिष्ट, पाहुणा आला की खूश होणारे. माझा सगळा किस्सा ऐकून ते मांडीवर थाप मारून हसले. "आवो ताई, कुमुद माझ्या आईचं नाव! एका घरात दोन कुमुद कशा चालतील? सुनेला हाक मारायची म्हणजे सासूचंच नाव घ्यायचं. मग लग्नात मीच नाव ठेवलं, अनुराधा. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिवलं. अक्षर बरं हाय माझं."

"बाईंना विचारलं होतं?" मी.

"तवा कुटं विचारायची पद्धत होती ताई," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. मला त्यांच्यावर चिडता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही. आमच्याकडे भाकरी मऊ झाली नाही तर करणारीला नावं ठेवतात, इथे ती कुरकुरीत आणि कागदासारखी पातळ लागते. पहिल्याच घासाला माझ्या दाढेतलं जुनं सिमेंट निघून आलं आणि पुढचे तीन दिवस मी एका बाजूने चावत सोलापूर पाहिलं. विश्वासरावांनी लवंग दिली.

जेवणानंतर मी बाईंना छापील पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून 'स्मृतीस' हा शब्द वाचला, परत वाचला आणि बोटाने त्याच्यावर घासलं. काही चिकटलेलं निघतंय का पाहावं तसं.

"बरं लिहिलंय," म्हणाल्या. "मी असते तर आवडलं असतं."

मग हळूहळू बोलल्या. लग्नानंतर नोकरीत लागल्या त्या नव्या नावाने, आणि नोकरीतल्याच नावाने लिहायचं असा दंडक होता. आपल्याच जुन्या लेखाचा आधार घेताना 'माझ्या आधीच्या लेखात' असं लिहिलं, तर मासिकवाल्यांनी ते खोडलं. नाव जुळत नव्हतं. म्हणून 'साळुंखे यांनी दाखवल्याप्रमाणे' असं लिहावं लागलं. पुढे प्राध्यापकपदासाठी मुलाखत झाली. समितीसमोर फक्त अनुराधा घाडगेंचे लेख होते. बाईंनी सांगितलं, ते साळुंखेंचे दोन लेखही माझेच. नाव बदललं तेव्हाचं प्रतिज्ञापत्र कॉलेजच्या फायलीत होतं, पण ती फाइल वाळवीने खाल्लेली. समितीतले एक गृहस्थ हसून म्हणाले, "मॅडम, दुसऱ्याचं काम आपलं म्हणायचं नसतं."

"त्यानंतर मी परत कुणाला म्हटलं नाही," बाई म्हणाल्या. "आणि नंतर लिहिलंही नाही."

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, अजून वेळ आहे, ग्रंथ छापायला गेलेला नाही. संपादक म्हातारे आणि भले आहेत, पण पूर्वी कुणीतरी खोटंच 'मी साळुंखे' म्हणून त्यांना फसवलेलं, त्यामुळे पोळलेले. आज केलेलं प्रतिज्ञापत्र त्यांना चालणार नाही. माझी शंका मी त्यांना कळवली, तेव्हा त्यांनी दोन वाटा ठेवल्या आहेत. दोन्ही नावं एकत्र असलेला त्या काळचा एखादा कागद, नाहीतर पहिला लेख पाठवताना कुमुदने जी सही केली होती तशी सही. तेवढं झालं की 'स्मृतीस' निघेल, दोन्ही नावं एक होतील, आणि तुमचं ते न वाचलेलं उत्तर ग्रंथात येईल.

बाई उठून मागच्या ओसरीवर गेल्या. मी पाठोपाठ गेले. तिथे दोरीवर एक जुनी चादर वाळत होती. तिच्या दशांमधला एक लांब दोरा त्यांनी ओढून घेतला, गाठ मारली, दोन टोकं जुळवून माझ्या हातात धरायला दिली आणि आपल्या रीतीची सिद्धता सांगायला लागल्या. छापील लेखात जी जागा मला कायम अवघड वाटायची ती त्यांनी बोटाच्या एका हालचालीत सोडवली. मी पोरीसारखी "परत दाखवा, परत दाखवा" म्हणत होते. त्या हसत होत्या. सबंध मुक्कामात त्यांना तसं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मग दोरा गुंडाळत म्हणाल्या, "चला सांगोल्याला. माझ्या भावाकडे काहीतरी कागद असेल. एकदा तरी या दोघींची बेरीज व्हायला पाहिजे हो. मी मरायच्या आधी."

सांगोला

सांगोल्याच्या बाजूला जाताना उसाचे ट्रॅक्टर मागे पडतात आणि जमीन उघडी पडत जाते. मग मधेच डाळिंबाच्या बागा, हिरव्यागार, आणि लगेच पुन्हा माळ, त्यावर मेंढरं. एका वस्तीवर टँकरभोवती घागरींची रांग होती. आमच्याकडे वर्षातले चार महिने पाण्याला शिव्या देतात. मी ते बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "गावात सांगू नका, मारतील."

बाईंचे थोरले भाऊ आप्पा बागेच्या कडेला घर बांधून राहतात. आम्ही उतरताच त्यांनी लांबूनच हाक मारली, "आली का कुमे!"

आणि बाई बदलल्याच. सोलापुरात त्या माझ्याशी पुस्तकासारखं बोलत होत्या. इथे पाय धुता धुता म्हणाल्या, "व्हय रं दादा, आले. हितं सावलीला बाज टाक की." मला वाटलं, कुमुदला भेटले ती खरं तर इथे.

वहिनींनी हुलग्याचं माडगं दिलं, गरम, लसणाची फोडणी दिलेलं. माझ्या दाढेला तेच सोयीचं होतं. आप्पांना मी कामाचं सांगितलं. त्यांना सायटेशन वगैरे कळायचं कारण नव्हतं, पण बहिणीला कुणी मेली म्हणून छापतंय एवढं बरोबर कळलं आणि त्यांचा पारा चढला.

"मेली? ही काय समोर बसलीया! आन कागूद कशाला पायजे? आक्खं गाव सांगंल, ही कुमी हाय. बोलवू का समद्यास्नी? शाळंत पयली येत हुती ही. गुरुजी म्हनायचे, पोरगी न्हाय, परमेश्वर हाय."

"त्यांना गाव चालत नाही आप्पा, कागद लागतो."

"मग कसला शिकल्याला मानूस त्यो," आप्पा म्हणाले आणि आत जाऊन एक पत्र्याची पेटी घेऊन आले.

पेटीत लग्नपत्रिका होती. हळदीची बोटं अजून पिवळी. 'चि. सौ. कां. कुमुद' आणि 'चि. विश्वास'. अनुराधा कुठेच नाही. नसणारच, पत्रिका छापली तेव्हा अनुराधा जन्मायची होती. ते नाव लग्न लागल्यावर ताटात लिहिलं गेलं.

मग फोटोंचा अल्बम निघाला. अक्षता, सप्तपदी, रुसलेला कुणी मामा. आणि एका पानावर तोच फोटो, ताटाचा! विश्वासराव, काळ्याभोर मिशांचे, हातात अंगठी धरून वाकलेले. शेजारी मान खाली घातलेली कुमुद. ताटात तांदूळ पसरलेले. मी अल्बम उजेडात नेला, बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

नेमका फोटो काढताना भटजींनी हात पुढे केला होता. हळद वाहत होते की काय कोण जाणे. ताटावर त्यांचा पंजा आणि त्याखालून एका कान्याची रेघ. बाकी नाव हाताखाली.

"बामनाला बी तवाच हात घालायचा हुता," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी अल्बम मिटला आणि पेटीत जिथे होता तिथे नीट ठेवला. निघताना आप्पांनी डाळिंबांची पिशवी भरून दिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या सायबाला फोन लावा की. मी बोलतो त्येच्यासंगं." मी म्हटलं, त्यांना मराठी येत नाही. "मग कुमी बोलंल. तिला विंग्रजी येतंय," ते म्हणाले.

पुन्हा सोलापूर

परतल्यावर विश्वासरावांनी उत्साहाने विचारलं, "मिळालं का?" बाईंनी मान हलवली. फोटोचं ऐकून विश्वासरावांना खरंच हळहळ वाटली.

"काय सुंदर अक्षर आलतं त्या दिवशी," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी आईनं त्याच तांदळाचा भात केला. सगळ्यांनी पंगतीत खाल्ला."

बाईंनी डाळिंबांची पिशवी खाली ठेवली. मग मला म्हणाल्या, "सही राहिली ना? चला, ती करून टाकू."

टेबल पुसलं, कोरे कागद आणले. वीज गेली होती, म्हणून टेबल खिडकीशी ओढलं. संपादकांनी जुन्या सहीचं चित्र माझ्या फोनवर पाठवलं होतं. मी ते उघडायला लागले तर बाईंनी हात वर केला. "नको. बघून केली तर ती नक्कल. माझी सही मला यायला पाहिजे."

त्यांनी पेन टेकवलं आणि सफाईने सही केली. ए. घाडगे.

"सवय," म्हणाल्या. दुसरा कागद घेतला. या वेळी सावकाश, 'के'ची उभी रेघ ओढली आणि तिथेच थांबल्या. पुढे हात कुठे वळत होता ते आठवेना. तिसऱ्या कागदावर आडनाव आलं, पण ते मास्तरीण फळ्यावर लिहिते तसं, एकेक अक्षर सुटं. त्या कागद बाजूला सारत गेल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, हात थरथरतोय थोडा, उन्हातून आलात, उद्या करू. त्या म्हणाल्या, "हात थरथरत नाही. बघा." आणि झर्रकन पुन्हा केली, ए. घाडगे, खालच्या वळणासकट, अगदी झोकात.

शेवटी म्हणाल्या, "दाखवा."

मी फोन पुढे धरला. तरुण मुलीची सही होती ती. 'के'चा पाय लांब ओढून त्याच्यावरच सगळं आडनाव बसवलेलं. घाईत केलेली, कुणाला न भिणारी. बाई किती तरी वेळ बघत राहिल्या. आपलं मूल दुसऱ्याच्या घरी वाढलेलं दिसावं तसा चेहरा झाला होता त्यांचा.

मग बघून बघून त्यांनी ती काढली. काढली म्हणायचं, कारण ते चित्रच होतं. रेघ बरोबर होती, वळण बरोबर होतं, आणि कुणीही सांगितलं असतं की ही सही केलेली नाही.

"पाठवा हीच," त्या म्हणाल्या. "दुसरी येणार नाही."

मी निघाले तेव्हा बाई गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या. खोदलेल्या चरावर फळी टाकली होती, ती ओलांडताना त्यांनी माझा हात धरला. मी म्हटलं, बाई, मला खात्री आहे, ते मानतील. त्यांनी डाळिंबांची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "गाडीत दाणे खाऊ नका, कपड्यांना डाग पडतात."

रत्नागिरी

घरी येऊन मी संपादकांना लांबलचक पत्र लिहिलं. गाठीच्या 'जी'बद्दल लिहिलं, दोऱ्याबद्दल लिहिलं, सुटलेल्या प्रश्नाचा लेख जोडला, तो फोटो आणि ती सहीही जोडली. जितकं कळवळून लिहिता येतं तितकं लिहिलं.

उत्तर सभ्य होतं. साळुंखेंचं पाहून 'जी' ग्रंथातले निम्मे लेखक वापरतात, ते काही पुराव्यात धरता येत नाही. छापील सिद्धता कुणीही शिकू शकतो. फोटोत नाव दिसत नाही. अनुराधा घाडगे यांचा लेख उत्तम आहे, त्याची नोंद साळुंखेंचं काम पुढे नेणाऱ्या एक अभ्यासक म्हणून आवर्जून घेऊ. सही मात्र जुळत नाही. ती पाहून केलेली आहे हे उघड दिसतं. छपाई थांबवता येणार नाही, क्षमस्व.

हे बाईंना कसं सांगावं याचा विचार करत मी दोन दिवस फोन केला नाही. आमच्या अंगणात आंब्याला कैऱ्या धरल्या होत्या, घरात लोणच्याच्या बरण्या धुऊन उन्हात ठेवल्या होत्या, आणि मला प्रत्येक गोष्टीचा राग येत होता. तिसऱ्या दिवशी लावला. फोन विश्वासरावांनी घेतला, माझ्या दाढेची चौकशी केली आणि आत हाक मारली, "अनुराधा, तुझा फोन!"

मी सगळं वाचून दाखवलं. अभ्यासक म्हणून नोंद घेणार हेही सांगितलं. ऐकायला जरा बरं वाटेल म्हणून तेच आधी सांगितलं. फोन कटला की काय असं वाटून मी "बाई, बाई" करत राहिले. मागे मागाचा खडखडाट ऐकू येत होता.

"चुकलं न्हाय त्यांचं," बाई सांगोल्याच्या बोलीत म्हणाल्या. "कुमी असती तर तिनं सही बरुबर केली असती की."